अर्धा कप दूध

मी मूळची इचलकरंजीची. वडील मागांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, आणि आमच्या घरात बोलणं कायम मोठ्यानं, कारण दिवसभर खडखडाटात राहून वडलांना हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. त्यामुळं माझा आवाज हा असा आहे, तुमचा तो रेकॉर्डर जरा लांब ठेवलात तरी चालेल. आवाजाचं आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तो विषय येणार आहे.

डिप्लोमा केला, भोसरीत एका कारखान्यात लागले, मग लग्न. मिलिंद कऱ्हाडजवळच्या खेड्यातला, सॉफ्टवेअरमधला. लग्नानंतर चार-पाच वर्षांत त्याला इकडं आयर्लंडमध्ये, शॅनन गावातल्या कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही जवळच्या एनिसला आलो. डब्लिनला सगळे आपले लोक, तिकडं ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसांत म्हणे जेवणाच्या सुट्टीत मराठी ऐकू येतं. एनिसमध्ये आम्ही एकटेच. आता कुणी आलं असेल, पण तेव्हा एकटेच. मुलगी तन्वी इथंच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या क्लेअर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासारख्या सुरात. मी शॅननलाच वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले, धूळसुद्धा चालत नाही अशा स्वच्छ खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालून तपासणीचं काम. अजून तिथंच आहे.

आमच्या कारखान्याचा एक नियम आहे, तो तुम्हाला सांगते. सूचना फायलीत ठेवायची नाही. काम करणारा जिथं उभा राहतो, त्याची मान जिथं वळते, तिथं डोळ्यांच्या उंचीवर सूचना लावायची. नवीन बाईनं चूक केली तर साहेब आधी विचारतात, कागद कुठं लावला होता? बाईला नंतर. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच चालत असेल. काय सांगू तुम्हाला.

तर मिलिंदचा उजवा हात. चालताना तो हलेना. आम्ही नदीकाठी चालायला जायचो, तन्वी मागून चालत होती, ती म्हणाली, बाबा, युवर आर्म इज गॉन टू स्लीप. आम्ही हसलो. मग त्याला शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मग वास येईना, मी फोडणी करपवली तरी ह्याला पत्ता नाही. मी म्हटलं सर्दी असेल. गावातल्या डॉक्टरनं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथं कितीतरी महिन्यांनी नंबर लागला, आणि स्पेशालिस्टनं त्याला खोलीत चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, आणि सांगितलं, पार्किन्सन. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. मी म्हटलं, हा म्हाताऱ्यांचा आजार ना? ते म्हणाले, बहुतेक वेळा. मग गोळ्या लिहून दिल्या, एक गुळगुळीत पत्रक दिलं, त्यावर एक म्हातारं जोडपं समुद्रकिनारी हसत चाललेलं, आणि म्हणाले, तुमच्या भागात मदत उपलब्ध आहे, तिचा फायदा घ्या. हे वाक्य मला पाठ झालंय. तुमच्या भागात मदत उपलब्ध आहे. कुठल्या भागात, कुणाची मदत, कोणत्या दारातून आत जायचं, ते विचारेपर्यंत पुढच्या माणसाला आत बोलावलं होतं.

घरी आलो आणि मिलिंदनं पहिली गोष्ट ही सांगितली की कुणाला सांगायचं नाही. कंपनीत नाही, मित्रांत नाही, तन्वीला थोडक्यात. आईला सांगावंच लागलं, कारण सासूबाई रोज व्हिडिओवर बघायच्या आणि म्हणायच्या, मिलिंदा, तुझं त्वांड आसं का लाकडासारखं झालंय रं? आजाराचं नाव त्यांना कळलं नाही, गोळी चालू आहे एवढं कळलं, आणि त्यांनी त्यांचा हुकूम दिला. आरं, ह्या गोळ्या लई गरम आसत्यात, उपाशीपोटी घिऊ नगंस, कपभर दूध पी आन् मग घी. आपल्याकडं हे असंच ना. कडक औषध रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, दुधाबरोबर घ्यायचं. मला माझ्या आईनं हेच शिकवलं, तुम्हालाही शिकवलं असेल. तर मिलिंद दिवसातून तीनदा गोळी घ्यायचा आणि तीनदा दूध. ऑफिसात न्यायला मी थर्मास घेतला होता. आईचं ऐकायचं, इतक्या लांबून दुसरं काय ऐकणार तिचं.

आणि गोळी म्हणावी तशी लागूच पडेना. सकाळी जरा बरा, दुपारपर्यंत पुन्हा लाकूड. हॉस्पिटलात विचारायचे, गोळ्या वेळेवर घेता का? हो. चुकवत नाही ना? नाही. मग डोस वाढवायचे. डोस वाढला की मळमळ वाढायची, मळमळ वाढली की दूध वाढायचं. कशाबरोबर घेता, हे कुणी विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही, कारण दूध पिणं ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे?

मी मदत शोधायला लागले. मी गप्प बसणारी बाई नाही. पत्रकावरच्या नंबरला फोन केला तर आवाज आला, सर्व माहिती वेबसाइटवर आहे. वेबसाइट उघडली तर आपला जिल्हा निवडा. क्लेअर निवडला तर, सध्या कोणतेही कार्यक्रम नाहीत, स्थानिक सेवेशी संपर्क साधा. स्थानिक सेवेला फोन केला तर पुन्हा वेबसाइट. गावातल्या डॉक्टरच्या काउंटरवरची बाई फार गोड, म्हणाली, अगं हो, एक ग्रुप असायचा खरा, फार्मसीतल्या ब्रायडीला विचार, तिला सगळं ठाऊक. फार्मसीत गेले तर ब्रायडी निवृत्त होऊन मुलीकडं राहायला गेलेली. ह्या आजाराची खास नर्स असते असं कळलं, तिला निरोप ठेवला, ती रजेवर होती, तिच्या जागी कुणी नव्हतं, मशीन म्हणालं, निरोपासाठी जागा शिल्लक नाही. सगळे गोड बोलायचे बरं का. यू आर ग्रँड, नो बॉदर. गोड बोलण्याला इथं काही कमी नाही. जो तो समजत होता की आम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असणार.

आता हे दीड-दोन वर्षं चाललं. त्या काळात काय झालं ते सांगते. मिलिंदचा आवाज गेला. एकदम नाही, हळूहळू, रेडिओ कुणीतरी बारीक करत न्यावा तसा. त्याला स्वतःला वाटायचं तो नीट बोलतोय. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, काय म्हणालास? तो चिडायचा, तुझे कान तपासून घे. कंपनीत त्याचं काम सगळं फोनवर, दिवसभर मीटिंगा, हा टीमचा प्रमुख. लोक म्हणायचे, मिलिंद, वुई कान्ट हिअर यू. माइक बदलला, हेडफोन बदलला. चेहरा तसा लाकडी, आवाज तसा बारीक, त्यामुळं वरच्यांना वाटायला लागलं की ह्या माणसाला आता कामात रस उरलेला नाही. त्यांनी त्याला टीमवरून काढून बाजूला बसवलं. मी म्हटलं, सांग त्यांना काय झालंय ते, इथं कायदे आहेत, सवलती देतात. नाही म्हणाला. दया नको. मग एक दिवस स्वतःच राजीनामा देऊन आला, तोही इतक्या हळू सांगितला की मला दोनदा विचारावं लागलं.

आता शिरीषभाऊंचं सांगते. इथून अर्ध्या तासावर लिमरिक शहर, तिथं आपलं एक मराठी मंडळ आहे, लहानच, गणपती आणि दिवाळीपुरतं. ते चालवतात शिरीषभाऊ. नागपूरचे, बोलघेवडे, कुणाचं अडलं तर गाडी घेऊन हजर. त्यांची बायको प्रतिभाताई फार सुंदर गायची. मिलिंदला त्या दोघांचा लळा, आम्हाला इथं नातेवाईक म्हणावे तर तेच. प्रतिभाताईनं गाणं मध्येच बंद केलं होतं, घशाचा त्रास म्हणायची. मांडीवर कायम शाल असायची, उन्हाळ्यातसुद्धा, आणि एक हात त्या शालीखाली. मला वाटायचं थंडी सोसत नसेल.

त्या वर्षी गणपतीला त्यांच्याकडं जेवायला होतो. मिलिंदनं आजार कुणाला सांगितला नव्हता, पण गोळीची वेळ झाली. तो स्वयंपाकघरात गेला, मी मागं होते. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि म्हणाला, ताई, जरा दूध मिळेल का, व्हिटॅमिनची गोळी घ्यायची आहे. प्रतिभाताईनं त्या पाकिटाकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फ्रिज उघडला, दूध काढलं, गरम केलं, कप भरायला घेतला आणि अर्ध्यावर थांबली. मी म्हटलं, संपलं का दूध? ती म्हणाली, नाही गं, आहे, पुरे एवढं. मिलिंदनं ते प्यायलं, गोळी घेतली, आम्ही बाहेर येऊन मोदक खाल्ले. ही गोष्ट मी तेव्हा विसरून गेले. विसरण्यासारखीच होती.

पुढं आमच्या शेजारचे टॉम वारले. इथं मयताला सगळं गाव जातं, ओळख असो नसो, चर्चमध्ये रांग लावतात, घरच्यांचे हात हातात घेतात आणि सगळे एकच वाक्य म्हणतात, सॉरी फॉर युवर ट्रबल. पुढं सरकायचं. मला ही पद्धत आवडते, कमी शब्दांत काम होतं. तर आम्ही दोघं गेलो. इतकी वर्षं त्या चर्चवरून मी रोज गाडी नेली, आत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. का ठेवणार? आपलं देवस्थान नाही, उगाच कुणाला वाटायला नको. रांग मोठी होती, दारातल्या पडवीत आम्ही उभे राहिलो आणि माझी मान भिंतीकडं वळली. भिंतीवर फळा, त्यावर चिठ्ठ्या. हरवलेलं मांजर, प्रार्थनासभा, गाईगुरांच्या बाजाराची वेळ, आणि मध्ये हातानं लिहिलेला कागद. पार्किन्सनच्या लोकांसाठी व्यायाम आणि आवाजाचा वर्ग, मंगळवार आणि गुरुवार, चर्चमागचा हॉल, नंतर चहा, सर्वांचं स्वागत. कागद पिवळा पडला होता. पिवळा पडला होता, म्हणजे किती जुना असेल तुम्हीच बघा.

मी मिलिंदला कोपरानं ढोसलं. त्यानं वाचलं आणि पुढं बघायला लागला. आमचा नंबर आला, टॉमच्या बायकोचा, नोरीनचा, हात हातात घेतला, सॉरी फॉर युवर ट्रबल म्हटलं, पण खरं सांगते, माझं लक्ष त्या हातात नव्हतं.

आठवड्यानं मी नोरीनकडं केक घेऊन गेले. तिला सांगितलं, असा असा कागद दिसला. ती म्हणाली, हो, माझा भाऊ जायचा तिथं, त्याला फार फायदा झाला. मग कपात बघत म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा हात मी दोन वर्षांपूर्वीच पाहिला होता बरं का. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? आय डिडन्ट लाइक टू से, म्हणाली. म्हणजे बोलणं बरं दिसलं नसतं. आणि शिवाय म्हणाली, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, तो कागद तर तिथंच लावलाय, सगळ्यांना दिसेल असा. सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते तिच्या लक्षातही आलं नाही. माणूस नुकताच गेलेल्या बाईवर ओरडता येत नाही. केक कापून दिला आणि आले.

मिलिंद यायला तयार नव्हता. मी म्हटलं, इथं आपल्याला ओळखणारं कोण आहे, शेतकरी असतील चार, चल. मंगळवारी सुट्टी टाकली आणि त्याला घेऊन गेले. हॉलचं दार निळं, ओलीनं फुगलेलं, उघडेना. मला वाटलं बंद आहे. इतकी वर्षं झाली, बंद झालं असणार. परत फिरणार तेवढ्यात आतून आवाज आला. पंधरा-वीस माणसं एका सुरात आ म्हणून ओरडत होती. मी खांदा लावला आणि दार ढकललं.

आत गोलात खुर्च्या, जमिनीवर चिकटपट्ट्यांच्या रेघा, आणि त्या रेघांवरून लोक हात झुलवत लांब टांगा टाकत चाललेले. पुढं एक तरुण फिजिओ, ती म्हणते, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं, गाईंना हाक मारता तसं. आणि रेघेवर मधोमध, ट्रॅकसूट घातलेली, तोंड उघडं टाकून आ म्हणणारी प्रतिभाताई.

तिचा आवाज तिथंच तुटला. बाकीचे ओरडतच होते. शिरीषभाऊ भिंतीलगत तिची शाल हातात घेऊन बसले होते, ते उठले, पुन्हा बसले. लिमरिकलाही असा वर्ग आहे, हे मला नंतर कळलं. पण लिमरिकला आपले लोक भेटतील, म्हणून हे दोघं आठवड्यातून दोनदा एनिसला यायचे. आमच्या घरावरून. आमच्या घरावरून जायचे आणि हॉर्नसुद्धा वाजवायचे नाहीत.

फिजिओनं मिलिंदला रेघेवर उभं केलं. तो मुकाट्यानं उभा राहिला. मला वाटलं होतं पळेल. नंतर चहा. तिथं एक मायकल म्हणून म्हातारा आहे, गाईवाला, सतत हलतो आणि सतत हसवतो, कप अर्धाच भरतो आणि म्हणतो, पूर्ण भरला तर बाकीचा जमिनीला. मिलिंदची गोळीची वेळ झाली होती. त्यानं पाकीट काढलं आणि दुधाच्या भांड्याकडं हात नेला. मायकल खुर्चीतून जवळजवळ उठलाच. अरे बाबा, दुधाबरोबर नाही! दूध, मांस, अंडी, त्या गोळीला आत जाऊच देत नाहीत, दोघं एकाच दारातून घुसायला बघतात. पाण्याबरोबर घे, जेवणाच्या अर्धा तास आधी, मळमळलं तर एखादं कोरडं बिस्किट. कुणी सांगितलं नाही होय तुला? इथं पहिल्या दिवशी हेच सांगतो आम्ही.

मी मिलिंदकडं पाहिलं नाही. मी प्रतिभाताईकडं पाहिलं. ती कपात बघत होती. मी मराठीत म्हटलं, तुम्हाला हे ठाऊक होतं ना? ती चहा ढवळत राहिली. मी म्हटलं, गणपतीला, तुमच्या स्वयंपाकघरात, तुम्ही पाकीट ओळखलंत ना? शिरीषभाऊ म्हणाले, वहिनी, इथं नको. मी म्हटलं, इथं कुणाला मराठी येतं? इथंच. तेव्हा प्रतिभाताई म्हणाली, अगदी बारीक आवाजात, आत्ताच आ म्हणून ओरडलेल्या बाईचा तो आवाज, म्हणाली, म्हणून तर मी अर्धाच कप दिला होता गं.

अर्धाच कप दिला होता.

मी पुष्कळदा विचार केला ह्याच्यावर. तिला सांगायचं होतं, असं मिलिंद म्हणतो, अर्धं तरी तिनं वाचवलं. मला नाही पटत. सांगितलं असतं तर तिचं बिंग फुटलं असतं, म्हणून तिनं दूध ओतलं. मुलीचं लग्न ठरत होतं पुण्यात, लोक विचारतील आईचा आजार मुलीला होतो का, म्हणून घशाचा त्रास, म्हणून शाल. हे सगळं मला समजतं. मी समजून घेते आणि तरीही मला राग येतो, दोन्ही एकदम येतं, त्याला मी काय करू.

नर्स शेवटी रजेवरून आली, तिला विचारून खात्री केली, हो म्हणाली, काही जणांना दुधानं तसा फरक पडतो, तुम्हाला सांगितलं असेल ना? दूध बंद केलं. महिन्याभरात दुपारचं लाकूड होणं बरंच कमी झालं. बटणं स्वतः लावायला लागला. आजार गेला नाही, तो जात नाही, पुढं वाढणारच आहे. पण ती दोन वर्षं, ज्यात त्याची नोकरी गेली, आवाज गेला, तन्वीनं मैत्रिणींना घरी आणणं बंद केलं, ती दोन वर्षं आम्ही त्याला थर्मासमधून दूध पाजत होतो. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही. सांगून काय होणार. त्या अजून विचारतात, दूध पितूस न्हवं? तो म्हणतो, पितो.

मग मी एक काम केलं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मराठीत लिहून टाकलं. कुणाच्या घरात पार्किन्सन, संधिवात, मधुमेह, असं लांबणारं दुखणं असेल तर आपल्या भागात काय काय आहे, कुठं आहे, कुणी माणूस फोन उचलतो का, गाडी कुठं लावायची, आत गेल्यावर कुणाला विचारायचं. एकेक ठिकाण मी स्वतः जाऊन बघून आले होते, अर्धी ठिकाणं चर्चच्या, नाहीतर क्लबच्या भिंतींवरच सापडली. कुणाचं नाव घेतलं नाही. दहा मिनिटांत मजकूर गायब. शिरीषभाऊंचा फोन. वहिनी, हा ग्रुप आनंदासाठी आहे हो, सणासुदीचं आजारपण कशाला. मी म्हटलं, परवा ह्याच ग्रुपवर कुणीतरी कारल्याच्या रसानं मधुमेह बरा होतो म्हणून टाकलं, ते नाही काढलंत. ते म्हणाले, ते घरगुती आहे. मी म्हटलं, तुमचं नाव आहे का माझ्या मजकुरात कुठं? ते म्हणाले, नाव नाही, पण लोक विचारतील ना, एनिसच्या हॉलमध्ये तुम्हाला कोण कोण भेटलं? म्हटलं, मी सांगणार आहे होय? ते म्हणाले, तुमचा आवाज मोठा आहे हो वहिनी. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

तर मी कारखान्याचा नियम लावला. आपला माणूस कुठं उभा राहतो? चर्चच्या पडवीत नाही. आपला माणूस दर आठवड्याला लिमरिकच्या इंडियन दुकानात उभा राहतो, फ्रोझन पराठ्यांच्या फ्रीझरसमोर, आणि तिथं तो बराच वेळ उभा राहतो, कारण मेथीचा की आलूचा हे ठरत नाही. दुकान केरळच्या बिजूचं, त्याची बायको नर्स आहे, तिनं कागद वाचला आणि स्वतः चिकटपट्टी आणून दिली. फ्रीझरच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर. खाली माझा नंबर.

बिजू सांगतो, लोक पराठे बघायचं सोंग करतात आणि कागद वाचतात. शेजारी कुणी आलं की दार उघडून पाकीट काढतात. तीनदा कागद कुणीतरी फाडून नेला, मी चौथा लावला. फाडून नेणारा वाचणारच होता, म्हणून काही वाटलं नाही. फोन येतात. पार डब्लिनजवळच्या लिक्सलिपहून एकीचा आला, बिजूकडं कधीतरी आलेली, तिकडं काय आहे ते मी शोधून दिलं. पण एकानंही आजवर स्वतःसाठी विचारलेलं नाही. माझ्या मैत्रिणीला आहे. आमच्या ओळखीत एक आहेत. ऑफिसातल्या एकाच्या बायकोला. इतक्या ओळखी आपल्या लोकांना, आणि एकही आजारी माणूस स्वतः नाही. मी विचारत नाही. पत्ता सांगते, कुणाला भेटायचं ते सांगते, गोळ्यांचं नर्सला विचारा आणि कशाबरोबर घेता ते तिला आधी सांगा, असं सांगते, आणि फोन ठेवते.

आम्ही गेलो त्या मंगळवारनंतर प्रतिभाताई वर्गाला आलेली नाही. लिमरिकच्या वर्गालाही जात नाही, हे मला फिजिओनं सांगितलं, म्हणाली, तुमच्या मैत्रिणीला सांगा ना, तिचा आवाज छान सुटत होता. मैत्रीण म्हणाली ती. मिलिंद म्हणतो, तू फोन कर. मी नाही केला. मी काय म्हणून करायचा? पण कारखान्यात बोलून मी माझी पाळी बदलून घेतली, आणि आता आम्ही गुरुवारी जातो, फक्त गुरुवारी.

गेल्या आठवड्यात नंबर न दाखवणारा फोन आला. पुरुषाचा आवाज, मुद्दाम घोगरा केलेला, पण वाक्याच्या शेवटचं त्यांचं ते हो कुठं लपतंय. म्हणाले, आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना व्यायामाच्या वर्गाची चौकशी करायची होती हो. मी ओळखलं. मी ओळखलं हे त्यांनाही कळलं असणार. मी नेहमीसारखं सगळं सांगितलं, हॉल कुठं, गाडी कुठं. मग म्हटलं, तुमच्या ओळखीच्या बाईंना सांगा, मंगळवारी आलेलं चांगलं. मंगळवारी तिथं आपल्यातलं कुणी नसतं. आणि दार जड आहे, बंद वाटलं तरी परत जायचं नाही, खांदा लावायचा. मग म्हणाले, सांगतो हो, आणि ठेवला.

जाईल की नाही, माहीत नाही. गेली तर तिचं भलं होवो. मुलीचं लग्न झालं म्हणे, आता शाल काढायला हरकत नाही.

मी फोन ठेवला तर आतून मिलिंदनं विचारलं, मोठ्यानं, गाईंना हाक मारावी तसं, वर्गात शिकवलंय तसं, कोण होतं गं?

मी म्हटलं, कुणाच्या तरी ओळखीचं.